गंगाराम कांबळे यांचा चहा आणि कोल्हापुरीचे नाव

आजचा धागा जाहिरातीच्या इतिहासाविषयी आहे. मात्र तो मोठ्या कंपन्यांचा नाही. वर्तमानपत्रातील एक चौकटही ज्यांना कधी परवडली नाही, अशा छोट्या व्यावसायिकांचा आहे.

मंगळवार पेठेत खासबागेच्या परिसरात संध्याकाळी भेळ किंवा मिसळ खायला थांबलेल्या माणसांचा हात पहिल्या घासाआधी मोबाईलकडे जातो. अंबाबाईच्या दर्शनाला परगावाहून आलेली मंडळी रील दाखवून पत्ता विचारतात. माध्यम नवे आहे, पण गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकाला खात्री देण्याची रीत फार जुनी आहे. तिचे कोल्हापुरातील सर्वांत बोलके उदाहरण भाऊसिंगजी रस्त्यावर घडले.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातील पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास मदत दिली. त्यातून 'सत्यसुधारक' हे चहाचे दुकान उभे राहिले. दुकान स्वच्छ, चहा चांगला; पण मालकाची जात गावाला ठाऊक होती आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हते. हे कळल्यावर महाराज फेरफटक्याला निघाले की तेथे गाडी थांबवू लागले. भर रस्त्यात चहा मागवून स्वतः पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजीत. राजाने घेतलेला चहा नाकारणार कोण? हळूहळू दुकान चालू लागले.

महाराजांना 'इन्फ्लुएन्सर' म्हणण्याचा मोह येथे अनेकांना होईल, तो आवरावा. आजचा इन्फ्लुएन्सर बहुधा मानधन घेतो. महाराजांनी उलट स्वतः भांडवल दिले आणि रूढीचा रोष पत्करला. तरीही या घटनेतील व्यापाराचे सूत्र ओळखीचे आहे. लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे, त्याने ती वस्तू सर्वांच्या डोळ्यांदेखत वापरली. आज शंभर अनोळखी गिऱ्हाइकांचे शंभर छोटे व्हिडिओ मिळून तेच काम करतात, आणि त्यासाठी राजाची गाडी दारात थांबावी लागत नाही.

गंगारामांच्या बाबतीत करणारा हात माहीत होता, म्हणून वस्तू नाकारली गेली. कोल्हापुरी चपलेच्या नशिबी नेमके उलटे आले. वस्तू सर्वांनी स्वीकारली, पण हात कोणी विचारला नाही. तिच्या प्रकारांत कापशी, कुरुंदवाडी अशी गावांची नावे टिकली आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, ही तिची ओळख. ती घडवणाऱ्या चर्मकार कुटुंबांची नावे मात्र व्यापाऱ्याच्या वहीपलीकडे क्वचितच गेली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांना मिळून. कायद्याने नाव राखले, पण गिऱ्हाईक कायदा वाचून चप्पल घेत नाही.

मग जून २०२५ उजाडला. मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे सादर केली आणि त्यांचे वर्णन केवळ 'चामडी सँडल' असे केले. समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र धाडले, आणि ही रचना भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरित असल्याचे कंपनीला लेखी मान्य करावे लागले.

या गदारोळात कोल्हापुरातील एका तरुण विक्रेत्याने जे केले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याने प्राडाला उद्देशून इन्स्टाग्रामवर खुले पत्र लिहिले. रॉयटर्सच्या वृत्तानुसार ते ३६ हजार वेळा पाहिले गेले आणि ३ दिवसांत त्याच्याकडे सुमारे ५० हजार रुपयांच्या चपला खपल्या, म्हणजे नेहमीच्या पाचपट. लोक तावातावाने बोलत होते, त्याच वेळी त्याने त्यांना खरेदीचे दार दाखवले.

अर्थात लाट ओसरते. शिवाय 'कोल्हापुरी' या शब्दाचा बोलबाला झाला की यंत्रावर बनलेल्या रेक्झिनच्या नकलाही त्याच शब्दावर खपतात. म्हणून कारागिराने निव्वळ तयार चपलेचा फोटो टाकण्यापेक्षा तळ शिवतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण टाकणे अधिक लाभाचे. शिवण पाहिलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुकानात चप्पल उलटी करून पाहते. दलालाला हे गिऱ्हाईक आवडत नाही, हे सांगायला नकोच!

जुलैमध्ये प्राडाचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दरम्यान लिडकॉमने अस्सल कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडची योजना पुढे आणली. मोबाईलने तो वाचला की चपलेचा जिल्हा, चामडे, घडवण्याची पद्धत आणि ती घडवणाऱ्या कारागिराचे किंवा बचतगटाचे नाव समोर येते.