हिस्लॉप यांचे दोन संग्रह : जीवाश्म आणि गोंडी गीते

मध्य भारताच्या भूशास्त्रीय संशोधनाचा आणि तेथील आदिवासींच्या मौखिक साहित्याच्या अभ्यासाचा इतिहास वेगवेगळा लिहिला जातो. या दोन्हींच्या आरंभकाळात मात्र स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) हे एकच नाव आढळते.

हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी म्हणून नागपुरास आले. धर्मप्रचार व अध्यापन हे त्यांचे नियत कार्य. भूशास्त्राचे ते हौशी विद्यार्थी होते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह केलेल्या पाहणीचा त्यांचा वृत्तान्त लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरजवळील टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातील शंख, फळे व बिया यांचे अवशेष मिळाले. हा गाळ त्यांनी तृतीयक कालखंडातील मानला. दख्खनच्या लाव्हाचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीच्या आसपासचे होत, असे आज मानले जाते. हिस्लॉप यांनी जीवाश्माबरोबर त्याचे स्थळ व थरही नोंदविल्यामुळे त्यांच्या कालनिर्णयाची फेरतपासणी शक्य झाली.

हीच शिस्त त्यांच्या गीतसंग्रहालाही उपकारक ठरली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची हस्तलिखिते रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोच्या गीताची गोंडी संहिता व तिचा शब्दशः इंग्रजी अर्थ आहे. १८७१ मध्ये जेम्स फॉर्सिथ यांनी हेच गीत लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या (१८५५) छंदात इंग्रजीत आणले. तो छंद स्वतः फिनिश ‘कालेवाला’वरून घेतलेला. अशा रीतीने गोंडांचा लिंगो इंग्रजी वाचकांपुढे उसन्या लयीत अवतरला.

फॉर्सिथ यांचेच रूपांतर वाचणाऱ्यास लिंगो व हायवाथा यांच्यात जे साम्य जाणवेल, त्यातील काही भाग केवळ छंदाने निर्माण केलेला असेल. तो वेगळा काढण्यासाठी १८६६ च्या संहितेकडेच वळावे लागते. अर्थात तीही पूर्ण नव्हे. परधान गायकाचा स्वर व बाना वाद्याची साथ छापील पानावर उतरलेली नाही. तथापि पुढील अभ्यासकास संग्राहकाचा निष्कर्ष नाकारता यावा, इतके मूळ शिल्लक ठेवणे, ही संग्रहाची किमान कसोटी होय. हिस्लॉप यांचे दोन्ही संग्रह या कसोटीस उतरतात.