दोराचे कूळ

*सइलं : दोर; आद्य जर्मानिक, नपुंसकलिंगी.

आधीची तारा सांगते की हे रूप कुठेही लिहिलेले सापडत नाही; कन्याभाषांतील शब्द ताडून ते मांडले आहे. जुन्या उच्च जर्मनमध्ये व नॉर्समध्ये ‘सेइल’, जुन्या इंग्रजीत ‘साल’. इंग्रजीतला ‘आ’ नियमानेच आला : जर्मन ‘श्टाइन’ला, म्हणजे दगडाला, जुन्या इंग्रजीत ‘स्तान’ म्हणत.

धातू : बांधणे, संस्कृत ‘सि’, लिथुआनियन ‘सिएती’.

पाणिनीय धातुपाठातही ‘सि’चा अर्थ बंधन हाच. आपला ‘सेतू’ याच धातूचा : ऋग्वेदात तो बांधणारा, पाश, पुढे बांध आणि पूल. म्हणजे दोराला हे नाव अंबाडी वा चामडे अशा द्रव्यावरून नव्हे, कामावरून मिळाले.

गॉथिक : ‘इन्सैल्यान’, दोराने आत सोडणे.

सर्वांत मोलाची ओळ ही. उपलब्ध गॉथिक ग्रंथांत दोराचे नाम मिळत नाही, त्यापासून घडलेले क्रियापद तेवढे उरले आहे. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून चौघे जण छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला बाजेसकट येशूपुढे उतरवतात. तिथे हे क्रियापद येते. बांधण्याच्या क्रियेतून दोर हे नाम झाले आणि त्या नामातून पुन्हा क्रिया निघाली. पण ही क्रिया बांधण्याची नाही, अलगद खाली सोडण्याची आहे. दोर हाताळणाऱ्यांनीच शब्दाला असे वळण दिले असणार.

वंशज : जर्मन ‘झाइल’, डच ‘झेल’, इंग्रजीत जवळजवळ लुप्त.

शिडाचा ‘सेल’ निराळा, त्याच्याशी गल्लत नको. इंग्रजीत दोरासाठी ‘रोप’ टिकला. त्याचाच जर्मन भाऊ ‘राइफ’ मात्र कडे, वर्तुळ या अर्थाकडे गेला. दोन भाषांनी दोन शब्दांतून एकेक निवडला, असे म्हणता येईल. जुना ‘साल’ इंग्रजी बोलींत ‘सोल’ होऊन गोठ्यात, गुरांच्या गळ्यातल्या बंधनात उरला. विसाव्या शतकात गिर्यारोहकांनी जर्मन ‘अबझाइलेन’वरून ‘अॅबसेल’ उचलला : दोराने कडा उतरणे. नकळत इंग्रजीला आपला जुना दोर परत मिळाला, आणि तोही वुल्फिलाच्या क्रियापदाच्या अगदी जवळच्या अर्थाने.