पळस, कापूस आणि रंगांचा प्राध्यापक

यवतमाळ जिल्ह्याच्या रानात फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले उकळून होळीचा केशरी रंग करण्याची रीत जुनी आहे. हा रंग सुती कापडावर मात्र नुसता टिकत नाही. त्याला तुरटीसारख्या धरून ठेवणाऱ्या द्रव्याची जोड लागते. याच जिल्ह्यातून शंभराहून अधिक वर्षे पांढरा कापूस बाहेर जात आला आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नावाने लोकांच्या जिभेवर राहिलेली अरुंद रुळांची आगगाडी मुख्यतः त्या कापसासाठीच टाकली गेली. पळस आणि कापूस शेजारी शेजारी असूनही रंगाची विद्या येथे नव्हती. ती परक्या देशातून येथे कशी आली, हे पाहायचे तर एका सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचे चरित्र वाचावे लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग केला. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या वनस्पतीच्या मुळांतले अलिझरीन प्रयोगशाळेत घडवले. १८९७ मध्ये जर्मनीचा कृत्रिम नीळ बाजारात आला आणि भारतातील निळीची शेती काही वर्षांतच कोसळली. रंग रानातून उठून कारखान्यात गेला आणि त्याचे ज्ञान कंपन्यांच्या कपाटांत बंद झाले. येथे कापूस होता, कारागीर होते, मुंबईत गिरण्याही होत्या. रंगाच्या रेणूची रचना शिकवणारा शिक्षक नव्हता.

कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा जन्म १९०१ मध्ये मद्रासचा. १९२० च्या दशकात ते मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसत, तेथेच हा तरुण वनस्पतींच्या पिवळ्या रंगद्रव्यांची रचना शिकत होता. परतल्यावर ते लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

लाहोरच्या त्या प्रयोगशाळेतून १९३४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका रेणूत ऑक्सिजनला चिकटलेला अणुगट अल्कलीच्या सान्निध्यात जवळच्या कार्बनवर सरकतो आणि पुढे त्यातून फ्लेवोन हा सांगाडा तयार करता येतो, असे त्यात दाखवले होते. फुलापानांतल्या अनेक पिवळ्या रंगांच्या मुळाशी हाच सांगाडा असतो. पळसाच्या केशरी रंगातले ब्यूटेइन त्याचेच जवळचे भावंड. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे हीच अभिक्रिया १९३३ मध्ये नोंदवली होती. म्हणून पाठ्यपुस्तकांत ती ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून शिकवली जाते. लाहोरच्या निबंधावर मात्र दोन नावे होती : महाल आणि वेंकटरामन. अभिक्रियेच्या नावातून विद्यार्थी गळला. साहित्याच्या अभ्यासकाला कर्तृत्वाचा हा प्रश्न अनोळखी नाही. एका नावाखाली किती हात लिहीत असतात, हे आपण पोथ्यांच्या बाबतीत विचारतो. प्रयोगशाळेच्या बाबतीतही ते विचारले पाहिजे.

मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. पुढे माटुंग्यात गेलेली हीच ती ‘यूडीसीटी’. कापड-रसायन हा तिच्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक. वेंकटरामन १९३४ मध्ये येथे आले आणि १९३८ मध्ये फॉर्स्टर यांच्यानंतर तिचे पहिले भारतीय संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर दोस्त राष्ट्रांच्या तपासणी पथकांनी तेथील रंगकारखान्यांची गुपिते अहवालरूपाने प्रसिद्ध केली. हे अहवाल म्हणजे विस्कळीत पानांचा डोंगर होता. त्यातील माहितीला क्रम आणि तर्क देणारा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा द्विखंड ग्रंथ वेंकटरामन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्यांच्या संपादनाखाली ही मालिका १९७८ पर्यंत आठ खंडांची झाली. ज्या विद्येने निळीची शेती बुडवली, तिचा प्रमाणग्रंथ मुंबईच्या एका शिक्षकाने रचला. गुपित होते ते अभ्यासक्रम झाले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे मर्म कोणत्याही एका शोधापेक्षा या रूपांतरात अधिक आहे.

१९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मॅकबेन आणि एव्हरेस्टवीर जॉर्ज फिंच हे त्यांचे पूर्वसूरी. कृत्रिम रंगांचा हा भाष्यकार पुण्यात पुन्हा रानाकडे वळलेला दिसतो. फणसाच्या लाकडातील पिवळी द्रव्ये आणि पळसासारख्या झाडांवर पोसणाऱ्या लाखेच्या किड्याचा तांबडा रंग यांची रचना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उलगडली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या खुर्चीवर १९६६ मध्ये त्यांचेच शिष्य बसले : बाळ दत्तात्रेय टिळक. टिळकही ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे शिकून आलेले, यूडीसीटीत रंगांचे प्राध्यापक राहिलेले आणि १९६३ च्या भटनागर पुरस्काराचे मानकरी. १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याचे केंद्र उभारले. गुरूने विद्या देशात आणली. ती खेड्यापर्यंत पोहोचली का, हा प्रश्न शिष्याने उतारवयात स्वतःला विचारला असावा, असे त्या कृतीवरून म्हणता येईल.

यवतमाळपुरते त्या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही. सेंद्रिय रसायन या जिल्ह्यात पोहोचले खरे, पण रंगशाळा म्हणून नव्हे, फवारणीच्या डब्यातून. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. रंग आणि कीटकनाशके ही एकाच शास्त्राची अपत्ये. बेंझीनच्या त्याच वलयांपासून दोन्ही घडवता येतात. त्या मृत्यूंचा दोष कोणा प्राध्यापकावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र डब्यात काय आहे, ते शरीरात कोठून शिरते, अंगावर काय घालून फवारावे, हे ज्याच्या हातात पंप आहे त्याला त्याच्या भाषेत सांगणे हे अध्यापनाचेच काम होते, आणि ते अपुरे राहिले.

वेंकटरामन यांनी जर्मन कारखान्यांचे गुपित इंग्रजी पाठ्यग्रंथात आणले. त्या ग्रंथापासून वऱ्हाडी बोलीतल्या चार सोप्या वाक्यांपर्यंतचा पल्ला तसा लांब नाही. तो कोणी चालायचा, हे ठरलेले नव्हते. मराठीत शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिताना पदे आणि पदके यांची यादी सहज जमते. विद्या कोणाकडून आली, वाटेत कोणाची नावे गळली आणि ती कोणत्या गावाच्या वेशीवर थांबली, एवढे तीन प्रश्न त्या यादीला जोडले, तर या चरित्रांना इतिहासाचे मोल येईल.