व्यायामातील कमाल ठोके : मोजावेत कसे, समजावेत कसे

पांढुर्णा-सौंसर भागातल्या आपल्या सभासदांत मनगटावर स्मार्टवॉच बांधून पहाटे फिरायला जाणारे आता पुष्कळ आहेत. घड्याळाने १५० दाखवले की कोणी घाबरून थांबते, तर कोणी तो आकडा ओलांडायचाच म्हणून धावते. दोघांच्याही उपयोगाची माहिती येथे देत आहोत.

शरीराने पूर्ण जोर लावला असता हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके पडतात, ती त्या माणसाची कमाल हृदयगती. वयाबरोबर ती उतरत जाते आणि व्यायामाने वाढत नाही. सरावाने कमी होतात ते विश्रांतीतले ठोके. म्हणून भरतीसाठी धावणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे ठोके २०५ पर्यंत जातात आणि दुसऱ्याचे १९० पर्यंतच, तर पहिला जास्त दमदार असे समजू नये.

२२० वजा वय

हे सूत्र १९७१ सालच्या एका लेखातून जगभर पसरले. त्यासाठी वेगळे संशोधन झाले नव्हते. तोवर हाती असलेल्या आकड्यांवरून काढलेली ती एक सरळ रेघ होती. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका व सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सूत्र मांडले. चाळिशीत दोन्हींचे उत्तर १८० येते. साठीत मात्र जुने १६० सांगते, नवे १६६. स्त्रियांसाठी मार्था गुलाटी यांनी २०१० मध्ये २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असे सूत्र दिले. त्यानुसार साठीच्या बाईंचा आकडा १५३ च्या आसपास येतो.

यांपैकी कोणतेही सूत्र एका माणसाची मर्यादा सांगत नाही. ती सरासरी आहे, आणि निरोगी माणसांतही १०-१२ ठोक्यांचा फरक दोन्ही बाजूंना सहज पडतो. आमच्या मते घड्याळातल्या लाल पट्ट्याला लोक उगाच फार मान देतात.

हाताने मोजताना

थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवावीत (अंगठा नको, त्याला स्वतःची नाडी असते). १५ सेकंद मोजून चारने गुणावे. उशीर केला तर ठोके भराभर उतरतात आणि आकडा कमी येतो. घड्याळ सैल असले किंवा घाम आला तर ते चुकते. कधी कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजते. छातीला बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा.

आपल्याकडच्या मे महिन्यात चालण्याचा वेग तोच असला तरी ठोके वाढतात, कारण रक्त कातडीकडे वळते आणि अंगातले पाणी घटते. जामसावळीला पायी जाणाऱ्यांनी हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्यात धरून बसू नये. त्यापेक्षा सोपी खूण अशी : चालताना बोलता येते पण अभंग म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम.

बीपीच्या गोळ्या आणि टीएमटी

मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. त्या घेणाऱ्यांनी सूत्राचा आकडा गाठायचा हट्ट धरणे धोक्याचे आहे. अशांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पन्नाशीपुढच्यांनी स्वतःचे कमाल ठोके तपासायला एकट्याने जीव तोडून धावू नये.

खरी मोजणी टीएमटीत, ईसीजी लावून होते. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्टा ताशी २.७ किलोमीटरने आणि १० टक्के चढाने सुरू होतो. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. रिपोर्टवरचे ‘८५ टक्के’ हे पास-नापासाचे गुण नव्हेत. वयानुसार अंदाजलेल्या कमाल ठोक्यांपैकी तेवढे गाठले, एवढाच त्याचा अर्थ. साठीच्या माणसाला २२० च्या सूत्राने ते १३६ येतात. तिथवर न पोहोचल्यास तपासणी अपुरी मानली जाऊ शकते. ‘निगेटिव्ह’ शब्द वाचून घरचे घाबरतात, पण त्याचा अर्थ दोष दिसला नाही असा आहे. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले, हेही डॉक्टरांना विचारावे. १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासात ही घट १२ किंवा त्याहून कमी असलेल्यांना पुढे धोका जास्त आढळला होता.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणे यांपैकी काही झाले तर आकडा कितीही असो, लगेच थांबावे आणि १०८ ला फोन करावा. टीएमटीला नागपूरला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवावी. गोळी आदल्या दिवशी बंद करायची की नाही हे डॉक्टरांनीच सांगायचे. मनाने बंद करू नये.