मेलेल्या माशाचे मार्क कापले, आणि…

आजचा भाग माशांवर आहे. पण थांबा, सुरमई-पापलेटची प्लेट डोळ्यांसमोर आणू नका. आजचा मासा अमेरिकेतल्या तळ्यांमधला, गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा आणि भल्यामोठ्या तोंडाचा आहे. नाव लार्जमाउथ बॅस. गिटारवाला बेस वेगळा, याचा उच्चार बॅस.

हा मासा गळाने पकडायच्या तिकडे स्पर्धा होतात. सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस ३ लाख डॉलर आहे. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर मी अशी एक स्पर्धा लावली आणि शेवटपर्यंत बघत बसलो. सकाळी आईला सांगितलं, "अगं, मासा पकडतात, वजन करतात आणि परत पाण्यात सोडून देतात." आई म्हणाली, "मग पकडला कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. आणि सुरुवातीला ते सोडत नव्हतेच.

तर चला १९६७ सालात. मार्च महिना, मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. रे स्कॉट नावाचा अलाबामाचा एक विमा एजंट तिथल्या रॉस बार्नेट जलाशयावर मासे पकडायला आला होता. पावसाने सगळा बेत बुडवला. हा बिचारा मोटेलच्या खोलीत बसून टीव्हीवर बास्केटबॉल बघतोय, आणि त्याच्या डोक्यात येतं, की बास्केटबॉलला लीग आहे, प्रेक्षक आहेत, पैसा आहे, मग मासेमारीला का नको?

आता, मासे पकडायच्या स्पर्धा आधीही व्हायच्या. पण फसवणुकीसाठी त्या बदनाम होत्या. आदल्या दिवशीचा मासा आणून दाखवणं वगैरे. स्कॉटला वेगळी गोष्ट हवी होती: नियम असलेली. जिवंत आमिष चालणार नाही, फक्त कृत्रिम. पुढे त्याच्या स्पर्धांची पद्धतच पडली, की एका बोटीत दोन प्रतिस्पर्धी बसवायचे. म्हणजे एकाने गडबड केली की दुसरा बघणारच! मला हे फार आवडलं. सिक्युरिटी कॅमेरा नाही, काही नाही, दोन माणसांचा एकमेकांवरचा अविश्वास हीच सिस्टिम.

त्याच वर्षी जूनमध्ये आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर लेकवर पहिली स्पर्धा झाली. हा 'लेक' म्हणजे खरं तर व्हाइट नदीवरच्या धरणाचा जलाशय, आणि धरण अगदी नवंकोरं होतं. (दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धरणांचा धडाका लागला होता. हे असे जलाशय नसते तर हा खेळ इतका पसरलाच नसता.) एन्ट्री फी १०० डॉलर, आणि १०६ जण आले. टेनेसीचा स्टॅन स्लोन जिंकला, बक्षीस २००० डॉलर. पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, स्कॉटने 'बॅस अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी' काढली. १९७१ मध्ये पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली, नेवाडामधल्या लेक मीडवर. कुठल्या तळ्यावर जायचंय हे २४ स्पर्धकांना विमान उडाल्यावरच सांगितलं! बॉबी मरे जिंकला, १०,००० डॉलर.

पण या सगळ्या काळात मासे मरत होते. पकडलेले मासे दोरीला अडकवून दिवसभर बोटीच्या कडेला लटकवायचे आणि संध्याकाळी वजनकाट्यावर आणायचे. एकटा माणूस सुट्टीच्या दिवशी दोन-चार मासे घरी नेतो, त्याचं तळ्याला काही वाटत नाही. पण शंभर तरबेज लोक, तीन दिवस, एकाच पाण्यावर? स्थानिक लोक चिडले. हे बाहेरचे लोक येतात आणि आमचं तळं रिकामं करून जातात, असं ते म्हणायला लागले. आणि स्कॉटसाठी हा धंद्याचा प्रश्न होता. तळी बंद झाली तर लीग कुठे खेळवणार?

तेवढ्यात कोलोरॅडोमध्ये त्याने वेगळंच दृश्य पाहिलं. फ्लाय फिशिंगवाल्यांच्या मेळाव्यात काही माणसं एक छोटासा ट्राउट पकडून परत सोडताना लहान मुलांसारखी खूश होत होती. त्याच्या मनात आलं, यांना एवढ्याशा ट्राउटचं एवढं कौतुक, तर आपल्या लोकांना बॅस सोडताना काय वाटेल!

१९७२ मध्ये त्याने मोहीम सुरू केली: पकडलेला मासा मारू नका. आता नुसतं आवाहन केलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्याला माहितीये. "कृपया हॉर्न वाजवू नका" या पाटीचं जे होतं तेच. स्कॉटने स्कोअरच बदलला. जिवंत मासा आणला तर वजनात थोडा बोनस. पुढे बोनसच्या जागी दंड आला. आजही त्या संस्थेच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मेलेल्या माशामागे ४ औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, कापतात. कित्येकदा पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात याहून कमी फरक असतो.

मग काय, बोटीच बदलल्या. पंपाने ताजं पाणी आणि हवा खेळवणारी टाकी बोटीत बसवणं गरजेचं झालं. तिला लाइव्हवेल म्हणतात. आज त्याशिवाय बॅस बोट विकलीच जात नाही. दोरी गेली, आणि मासा पाण्याच्या पिशवीतून स्टेजवर यायला लागला. लोकांची मनं आधी बदलली की बोटी? मला विचाराल तर बोटी. माझ्या एका जुन्या टीममध्ये महिन्याला किती बग बंद केले ते मोजायचे. दोन महिन्यांत एका बगचे तीन तुकडे करून नोंदवायची प्रथा पडली. (हो, मी पण केलंय.) माणूस जे मोजलं जातं त्याच्या मागे धावतो. स्कॉटने हे मासेमारीत ओळखलं.

पण याच मोजमापाची एक बाजू वसंत ऋतूत उघडी पडते.

हिवाळा संपून पाणी १५-२० अंशांच्या आसपास आलं की बॅस काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात. नर शेपटीने तळ साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि राखण बाप करतो. अंड्यांची, मग पिल्लांची, आठवडे जातात यात. या काळात तो फारसं खात नाही, पण घरट्याजवळ काहीही आलं तर तोंडात धरून बाहेर फेकतो. गळाला लावलेली रबरी पालसुद्धा! भूक लागली म्हणून नव्हे, पोरांना धोका वाटतो म्हणून तो गळाला लागतो. माद्या अंड्यांनी भरलेल्या, म्हणजे सगळ्यात वजनदार. त्यामुळे मोठी वजनं हवी असतील तर वसंतातच स्पर्धा घ्यायची. क्लासिकसुद्धा २००६ पासून उन्हाळ्यातून फेब्रुवारी-मार्चकडे सरकली.

आता बघा. नर पकडला, लाइव्हवेलमध्ये ठेवला, संध्याकाळी जिवंत वजन करून सोडला. दंड शून्य. पण तोवर ब्लूगिलसारखे छोटे मासे घरट्यावर तुटून पडलेले असतात आणि अंडी फस्त. सोडलेला बाप कधी कधी मैलोनमैल लांब, वजनकाट्याच्या धक्क्यापाशी असतो. स्कोअरशीटमध्ये ही अंडी कुठेच नाहीत.

यावर वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना दम आहे. एकेका मादीची हजारो अंडी असतात, थोडीच पिल्लं वाचली तरी मोठं तळं भरतं, असं एक बाजू म्हणते. पण थंड प्रदेशात प्रजननाचा काळ छोटा असतो. म्हणून कॅनडातल्या ओंटारियोच्या बऱ्याच भागांत बॅसचा हंगाम वर्षानुवर्षं जूनच्या उत्तरार्धातच उघडत आलाय. तोपर्यंत गळ घरी.

२०१९ मध्ये 'बॅस प्रो टूर' नावाची नवी मालिका आली. तिथे प्रत्येक बोटीत पंच बसतो. मासा आला की तिथेच वजन, आकडा थेट मोबाइलच्या स्कोअरबोर्डवर, आणि मासा लगेच त्याच जागी पाण्यात. टाकी नाही, पिशवी नाही, स्टेज नाही. स्कॉटचं २०२२ मध्ये ८८ व्या वर्षी निधन झालं, त्याआधी त्याच्या खेळाचं हे रूप येऊन गेलं होतं. घरट्यावरचा नर आता काही मिनिटांत मोकळा होतो. त्या काही मिनिटांत ब्लूगिल किती अंडी खातात, त्याचा कॉलम अजून कुठल्याच ॲपमध्ये नाही.