दप्तरापासून ओसरीपर्यंत

ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा कारकून, असा समज मनात धरून जो कोणी सातारा-सांगलीकडचा पूर्वेतिहास चाळील, त्याला ग्रंथरक्षणाचे हे कार्य तेथे नाना पेशांच्या माणसांनी शिरावर घेतलेले आढळेल. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरांचे रुमाल सोडून, मोडी पत्रे लावून व ताडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले, तर मासिकाच्या संपादकीतून आलेल्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी नाना फडणविसांचे मेणवली दप्तर हस्तगत केले, आणि त्यांच्याच संग्रहातून 1925 साली साताऱ्यास इतिहाससंग्रहालय उभे राहिले. शास्त्रीबुवांची चिकाटी मला अधिक भावते. पण संग्राहकाच्या हावेचे ऋणही नाकारता येत नाही.

सांगलीचे नगर वाचनालय 1869 सालचे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णामाई त्यात शिरली, आणि दुर्मीळ ग्रंथांचा चिखल झाला. भिजलेला ग्रंथ फुगून फडताळात असा रुतून बसतो की, ओढू जाता पुठ्ठा तेवढा हाती येतो व पाने मागेच राहतात. तेथे वर्गीकरणाची विद्या उपयोगी पडत नाही, पाने वाऱ्यावर सुटी करीत बसणारे हात लागतात.

पाचगणीनजीकच्या भिलारास तर 4 मे 2017 पासून स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्यांची घरेच वाचनालये झाली आहेत. तेथे ओसरीवरच्या कपाटातून पुस्तक काढून देणारी गृहिणी हीच ग्रंथपाल. ना दाखला मागते, ना अनामत.