दाबाखालचे अंतरंग

यवतमाळकरांना दाबाची ओळख करून द्यावयास नको. प्रेसमध्ये कापसाची गाठ बांधताना आपण तो पाहतोच. परंतु दाबलेल्या पदार्थाच्या अंतरंगात काय घडते, हे भांडे न उघडता कसे कळावे? हार्वर्डला ब्रिजमन यांनी प्रचंड दाबाची साधने सिद्ध केली. तेथेच १९४५ साली पर्सेल व सहकाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रकांचा रेडिओ-प्रतिसाद टिपला. १९५४ मध्ये बेनेडेक व पर्सेल यांनी या दोन विद्यांची सांगड घालून दाबाखालील द्रवांतील रेणूंच्या हालचालींचा मागोवा घेतला.

१९५१ साली स्टॅनफर्डला अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन निराळे प्रतिसाद दाखविणाऱ्यांत धर्मट्टी होते. त्यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही विद्या रुजविली. परकी विद्या आपली होते ती अशी: केवळ यंत्र आणून नव्हे, जाणता माणूस परतल्याने.